कोंबडीचं शेवटचं पान

शुक्रवारी दहाला मी कपाट उघडते
सोहारमधे, अबू हुमैदच्या घरामागच्या खोलीत,
जिथे पूर्वी त्याची जाळी असायची.
मासळीचा वास अजून येतो, दमट दिवसांत जास्तच.
कुणी नाक मुरडलं तर म्हणते,
आपली पुस्तकं गलबतातून आली असं समजा.

खरं तर ती आली विमानाने, तीस किलोंत,
कुळथाचं पीठ आणि कुणाच्या तरी जावेचं लोणचं
यांच्यामधे दबून.
एका रहस्यकथेत तेलाचा डाग पडलाय
बाविसाव्या पानावर, नेमका खुनाच्या जागी.
पाटणकरबाई विचारतात,
हा पुराव्यात धरायचा की कसं?

आठवडाभर मी शाळेत ग्रंथपाल.
तिथे बारकोड, दंड, तोंडावर बोट.
अडीचला बसेस गेल्या की दार लोटते
आणि बालवाडीच्या शेल्फापाशी बसते फरशीवर,
सत्तेचाळीस वर्षांची बाई,
गुडघे कुरकुरतात तरी मांडी घालून.
कुणी डोकावलंच तर हातात खाकी कागद असतो.
"कव्हरं घालतेय."
गेल्या महिन्यात एकाच पुस्तकाला चारदा कव्हर घातलं.

मोठ्यांची पुस्तकं रात्रीसाठी.
त्यांत माणसं शंभर पानं विचार करतात
आणि मग चुकतात. तेही आवडतं मला,
कधी कधी दिवा मालवायचा राहून जातो.
पण बेडूक आधी उडी मारतो
आणि विचार करतो हवेत असताना.
त्याच्याबरोबर मीही क्षणभर वर असते.

विश्राम घाडी बंदरावर क्रेन चालवतो.
जाडजूड कादंबरी हातात तोलून बघायचा,
परत ठेवायचा.
एकदा म्हणाला, "बाई, मोठ्या अक्षरांतलं काही?"
मला वाटलं, डोळे.
डोळे नव्हते. कुडाळला सहा वर्षांची मुलगी होती.
इथले आठ म्हणजे तिथले साडेनऊ,
तेवढ्यात वाचून व्हायला हवं.
व्हिडिओ लागत नाही, म्हणून चित्रंही तोंडी सांगायची.
"कोंबडीच्या पिसांचा रंग कुठला सांगू?" विचारलं त्याने.
आम्ही दोघं बराच वेळ त्या पिसांकडे बघत बसलो.
शेवटी ठरलं, भिजलेल्या विटेचा.

त्या कोंबडीला समुद्र बघायचा असतो.
ती निघते, मांजर भेटतं, टपालवाला भेटतो,
एक ओढा उगाचच आडवा येतो,
ती किनाऱ्यावर पोचते, आणि
पुढचं पान नाही. कुणीतरी फाडलंय, किंवा
वाळूसारखं गळून गेलंय कुठेतरी.
मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं:
तिने समुद्र पाहिला आणि ती आनंदाने घरी परतली.
नीटनेटकं वाक्य. ग्रंथपालाचं.

पुढच्या शुक्रवारी विश्राम दारातच थांबला,
हेल्मेट काखेत, तोंड जरा पडलेलं.
"बाई, शेवट तिला पटला नाही.
म्हणते, समुद्र बघून लगेच कोण परत येतं?"
मी काही बोलले नाही. तोही नाही.
चार वर्षं झाली होती त्याला.
मग खिशातून लोडिंगची पावती काढली,
मागे तिने सांगितलेलं, त्याच्या तिरक्या अक्षरात:
कोंबडीने वाळूत अंडं घातलं
आणि समुद्राला सांगितलं,
जरा लक्ष ठेव रे, आलेच मी.

माझं वाक्य खोडलं, पावती चिकटवली.

घरमालकाचा धाकटा हुमैद मात्र
पुस्तक उजवीकडूनच उघडतो, त्याच्या सवयीने.
त्याची कोंबडी लाटांपासून निघते,
ओढा, टपालवाला, मांजर,
आणि पहिल्या पानावर खुराड्यात शिरते.
तो टाळ्या वाजवतो. पावतीकडे बोट दाखवून विचारतो,
हे काय लिहिलंय?
माझ्या मोडक्या अरबीत सांगते, अंडं.
तो मान डोलावतो,
मग पुन्हा मागे जातो, किनाऱ्यावर,
पानाला नाक लावून शोधायला.

पाटणकरबाईंनी परवा तेच पुस्तक मागितलं.
म्हणाल्या, नातवासाठी.
त्यांना नातू नाही.
मी रजिस्टरमधे नोंद केली.